गळत नसेल तर तेल संपले असेल : जुन्या ब्रिटिश मोटारसायकलींविषयी

धागाकर्ता : मेरिडनकर

कॉव्हेंट्रीहून बर्मिंगहॅमकडे जाणाऱ्या रस्त्यावर, मेरिडन गावाच्या अलीकडे, विटांच्या घरांची एक साधी वसाहत आहे. तिच्यातल्या एका गल्लीचे नाव, ट्रायम्फच्या एका गाडीवरून, बॉनविल क्लोज असे आहे. येथे १९४२ पासून १९८३ पर्यंत ट्रायम्फ मोटारसायकलींचा कारखाना होता, हे वाटसरूला सांगणारे त्या पाटीपलीकडे फारसे काही उरलेले नाही. १४ नोव्हेंबर १९४० च्या रात्री जर्मन बाँबफेकीत कॉव्हेंट्री जळाले, त्यात ट्रायम्फचा शहरातला कारखानाही गेला, आणि युद्ध चालू असतानाच कंपनीने शहराबाहेरच्या या मोकळ्या जागेवर नव्याने बिऱ्हाड मांडले. कामावर जाताना मी बारा वर्षे या रस्त्याने जातो आहे आणि गेली सात वर्षे माझ्या गॅरेजात १९६६ सालची, ६५० सीसीची, दोन सिलिंडरांची एक ब्रिटिश मोटारसायकल उभी आहे. ती कोणत्या कंपनीची हे मुद्दामच लिहीत नाही, कारण ते लिहिले की पुढचे पन्नास प्रतिसाद ‘तुमची चांगली की आमची’ यातच खर्ची पडतात.

या गाड्यांचा विषय निघाला की दोन वाक्ये हमखास ऐकू येतात. ‘काय आवाज होता!’ हे पहिले आणि ‘काय तेल गळायचे!’ हे दुसरे. दुसऱ्याला जोडून येणारा विनोदही ठरलेला आहे: गाडीखाली डाग दिसला नाही, तर आतले तेल संपले असे समजावे. दोन्ही वाक्ये खरी आहेत, पण ती एकाच गोष्टीबद्दल बोलतात हे सहसा कोणी सांगत नाही. माझे म्हणणे असे की या गाड्यांच्या खोडी आणि त्यांची मोहिनी एकाच आराखड्याच्या पोटी जन्मलेली भावंडे आहेत, आणि एकाला घराबाहेर काढले की दुसरेही निघून जाते.

तो आराखडा बव्हंशी एडवर्ड टर्नर यांचा. त्यांनी १९३७ मध्ये ट्रायम्फसाठी स्पीड ट्विन आणली. ५०० सीसीच्या या इंजिनात दोन सिलिंडर शेजारी शेजारी उभे होते आणि दोन्ही पिस्टन एकदमच वर जात, एकदमच खाली येत. एका फेरीला डावा पेटे, पुढच्या फेरीला उजवा. त्यामुळे ठोके समान अंतराने पडत, एका कार्ब्युरेटरवर दोघांचे भागे, आणि सगळे इंजिन इतके आटोपशीर होते की एक सिलिंडरच्या गाडीच्या चौकटीत ते सहज मावे. युद्धानंतर बीएसए, नॉर्टन, मॅचलेस, एरियल, रॉयल एनफील्ड या साऱ्यांनी आपापली दोन सिलिंडरांची गाडी काढली, ती टर्नर यांच्याच पायवाटेने. आज आपण ज्याला ‘ब्रिटिश आवाज’ म्हणतो, तो म्हणजे या समान ठोक्यांचा आवाज.

आता त्याच रचनेची दुसरी बाजू पाहा. दोन्ही पिस्टन एकदम खाली आले की क्रँककेसमधली, म्हणजे इंजिनाच्या खालच्या पेटीतली, हवा लोहाराच्या भात्यासारखी दाबली जाते. तिला बाहेर पडायला श्वासनळी दिलेली असते, पण ती बारीक. त्यामुळे हवा जिथे फट मिळेल तिथून वाट काढते आणि जाताना तेल घेऊन जाते. त्यातच ही क्रँककेस भुईमुगाच्या शेंगेच्या फाकांसारखी मधोमध उभी कापलेली असते, म्हणजे सांधा थेट तळाच्या तेलातूनच जातो. जपानी कारखान्यांनी पुढे ती आडवी कापली, सांधा तेलाच्या पातळीच्या वर नेला आणि प्रश्न मिटवला. आपल्याकडचे मिस्त्री ‘पॅकिंग बदला, गळती थांबेल’ असे म्हणतात, आणि महिनाभर ती खरोखरच थांबते.

थरथरीचेही तेच. दोन पिस्टन जोडीने धावतात, तेव्हा तोल सांभाळण्याच्या दृष्टीने तो एकच मोठा पिस्टन असतो. ५०० सीसीपर्यंत ते सुसह्य होते. १९४९ मध्ये थंडरबर्डसाठी ट्रायम्फने इंजिन ६५० चे केले, १९५९ च्या हंगामासाठी बॉनविलला दोन कार्ब्युरेटर दिले आणि १९७३ मध्ये मजल ७५० पर्यंत गेली. पण मूळ हाडे १९३७ चीच राहिली. अशा गाडीवर वेग वाढवला की आरशात मागची गाडी दिसण्याऐवजी धुके दिसते, पायटे सैल होतात, दिव्यातली तार तुटते, आणि तासाभराने उतरल्यावर चहाचा कप धरताना बोटे आपली वाटत नाहीत.

आता जवळून पाहिलेली एक गोष्ट सांगतो. थंड सकाळी माझी गाडी चालू करायची तर आधी क्लच दाबून किक दोनदा रिकामी मारावी लागते, कारण रात्रभरात क्लचच्या प्लेटी तेलाने एकमेकींना चिकटून बसतात. मग पेट्रोलचे दोन्ही कॉक उघडायचे. अमल कार्ब्युरेटरच्या अंगाला टिकलर नावाची एक बारीक दांडी असते. ती दाबून धरली की आतला फ्लोट बुडतो आणि पेट्रोल काठावर येते. बोटाला ओले लागेपर्यंत ती दाबायची, तीही दोन्ही बाजूंना, आणि मग सुरळीत चालू झालेल्या गाडीवर दिवसभर हातमोज्याला पेट्रोलचा वास वागवायचा. त्यानंतर इग्निशन, आणि शरीराचे सगळे वजन टाकून एक किक. पहिल्या किकेला ठोका लागला, तर त्या दिवशी ऑफिसातली माणसेही चांगली वाटतात. बटण दाबून चालू होणारी गाडीही माझ्याकडे आहे, पण तिच्याबद्दल मला सांगण्यासारखे काही नाही.

एक फजितीही कबूल करतो, आणि ती सर्वस्वी माझी आहे. भारतात शिकलो तेव्हा बॅटरीची ऋण तार गाडीच्या अंगाला जोडायची हे डोक्यात पक्के बसले होते. त्या काळच्या ब्रिटिश गाड्यांत धन तार अंगाला असते. पहिल्याच हिवाळ्यात मी बॅटरी बदलली, सवयीने तारा उलट्या जोडल्या, आणि सीटखालून निघालेला बारीक धूर पाहत काही क्षण नुसता उभा राहिलो. विजेचा प्रवाह एकदिश करणारा रेक्टिफायर गेला. दुकानातल्या वयस्कर गृहस्थांनी नवा देताना काही विचारले नाही. फक्त ‘पुन्हा एक गिऱ्हाईक’ अशा अर्थाचे हसले.

ज्यांनी अशा गाड्या चालवल्या, दुरुस्त केल्या किंवा घरात सोसल्या, त्यांनी आपले अनुभव अवश्य लिहावेत.

प्रतिसाद : पाना_पक्कड

लेख उत्तम झाला आहे, परंतु पान्यांचा उल्लेख नसलेला ब्रिटिश मोटारसायकलींवरचा लेख म्हणजे मीठ विसरलेली आमटी होय.

जोसेफ व्हिटवर्थ यांनी १८४१ मध्ये स्क्रूच्या आट्यांचे प्रमाण ठरवून दिले. आट्यांचा कोन ५५ अंश. पुढे त्याचीच बारीक आट्यांची आवृत्ती आली, तिला बीएसएफ म्हणतात, आणि सायकलींच्या धंद्यातून ६० अंशांची, इंचाला २६ आट्यांची तिसरी जात आली. जुन्या ब्रिटिश गाडीत या तिन्ही जाती सुखाने एकत्र नांदतात. १९६० च्या दशकाच्या अखेरीस कारखाने अमेरिकी पद्धतीच्या आट्यांकडे वळू लागले, त्यामुळे त्या संधिकाळातल्या काही गाड्यांत चौथी जातही सापडते.

नवशिक्याची खरी परीक्षा पान्यावरचा आकडा वाचताना होते. आपल्या मिलिमीटरच्या पान्यावर लिहिलेला आकडा हा पान्याच्या तोंडाचे माप असतो. व्हिटवर्थच्या पान्यावरचा आकडा बोल्टच्या दांड्याची जाडी सांगतो, तोंडाचे माप नव्हे. म्हणून पाव इंच व्हिटवर्थचा पाना पाव इंच रुंद नसतो, अर्ध्या इंचाहूनही जास्त रुंद असतो, आणि तोच पाना ५/१६ बीएसएफच्या नटाला चपखल बसतो. हे कळेपर्यंत माणूस जवळपासच्या मापाचा मिलिमीटरचा पाना घालून नटाचे कोपरे गोल करतो. मी स्वतः असे कितीतरी नट गोल केले आहेत आणि त्यातले दोन पुढे छिन्नीने तोडावे लागले.

पुण्यात असताना जुन्या बाजारात रविवारी किंवा बुधवारी गेलो की गंजलेल्या लोखंडाच्या ढिगात व्हिटवर्थचे पाने हमखास मिळत. विकणाऱ्याला त्याचे नाव ठाऊक नसे. ‘जुन्या इंग्रजी गाडीचा आहे, घ्या’ एवढेच तो म्हणे. माझ्याकडचा अर्धा संच तिथला आहे.

प्रतिसाद : वेण्णाकाठ

आमच्या साताऱ्याच्या घरी आजोबांच्या काळापासून बीएसएची एम-२० आहे. दुसऱ्या महायुद्धात या जातीच्या सुमारे १,२६,००० गाड्या बनल्या. लढाई संपल्यावर लष्कराने ज्या गाड्या लिलावात काढल्या, त्यांपैकी एक आजोबांनी घेतली. तिला गावात कोणी बीएसए म्हटले नाही. ती ‘मिल्ट्रीची फटफटी’ होती आणि आजही आहे.

मेरिडनकरांनी दोन सिलिंडरांच्या गाड्यांची कुळकथा सांगितली. ही त्यांच्याहून जुन्या वळणाची: ५०० सीसीचा एकच सिलिंडर, आणि व्हॉल्व्ह सिलिंडरच्या डोक्यावर नसून बाजूला. ताकद म्हणाल तर जेमतेम १३ अश्वशक्ती. पण इंजिनात पेट्रोल फार दाबले जात नाही, त्यामुळे कसलेही पेट्रोल तिला चालते, आणि खेच तळापासून मिळते. आजोबा मागे दोन पोती बांधून घाट चढत. गाडी धापा टाके, पण थांबत नसे. घरात असे सांगतात की पहिला गिअर टाकून आजोबा शेजारून चालत आणि गाडी त्यांच्याबरोबर चालत येई. यात घरच्यांनी थोडी भर घातली असावी, पण त्या इंजिनाची संथ चाल मी स्वतः पाहिलेली असल्याने मला ते अगदीच अशक्य वाटत नाही.

तिच्या हँडलवर ठिणगी पुढेमागे करण्यासाठी एक लहान लीव्हर आहे. किक मारताना तो मागे घ्यायचा आणि गाडी चालू झाल्यावर हळूहळू पुढे करायचा. माझे काका तो मागे घ्यायला एकदा विसरले आणि किक उलटली. त्यांच्या घोट्याला प्लास्टर लागले, त्या वर्षी घरातली ऊसतोड दुसऱ्यांनी केली, आणि तेव्हापासून चावी आजीच्या ताब्यात गेली. गंमत अशी की त्या गाडीला चावीच नाही. आजीने पेट्रोलच्या टाकीचे झाकण काढून ट्रंकेत ठेवले होते.

प्रतिसाद : हिशेबी

सर्वांच्या आठवणींविषयी पूर्ण आदर राखून मी थोडा विरोधी सूर लावतो. खोड आणि मोहिनी भावंडे आहेत हे वाक्य ऐकायला गोड आहे, परंतु त्यामुळे व्यवस्थापनाच्या चुकांवर पांघरूण पडते. गळतीत काव्य नसते. तिच्यामागे बहुधा यंत्रसामग्रीवर न केलेला खर्च असतो.

टर्नर यांनी १९६० मध्ये जपानला जाऊन तेथील कारखाने स्वतः पाहिले होते, म्हणजे माहिती नव्हती असे म्हणायला जागा नाही. बर्ट हॉपवुड आणि डग हील या ट्रायम्फच्या अभियंत्यांनी तीन सिलिंडरांच्या इंजिनाची कल्पना १९६० च्या दशकाच्या सुरुवातीलाच मांडली होती आणि १९६५ मध्ये तिचा नमुना धावत होता. प्रत्यक्षात ट्रायम्फ ट्रायडंट आणि बीएसए रॉकेट ३ बाजारात आल्या १९६८ मध्ये. पुढच्याच वर्षी होंडाची सीबी ७५० आली: चार सिलिंडर, पुढे डिस्क ब्रेक, बटणाने चालू होणारी, आणि खाली डाग न पाडणारी. ब्रिटिश गाडीला तेव्हाही किकच होती. तीन वर्षे आधी आली असती तर कदाचित निभावून गेले असते.

त्याहून बोलकी गोष्ट १९७१ च्या नव्या चौकटीची. अंबरस्लेड हॉल नावाच्या एका जुन्या हवेलीत बीएसए-ट्रायम्फने मोठा खर्च करून संशोधन केंद्र थाटले होते; कामगार त्याला ‘स्लंबरग्लेड’ म्हणत, म्हणजे आपल्या भाषेत झोपाळवाडी. तेथे तयार झालेल्या चौकटीच्या मुख्य नळीतच तेलाची टाकी होती. कल्पना वाईट नव्हती. पण चौकटी मेरिडनला आल्यावर लक्षात आले की इंजिन वरच्या रॉकर बॉक्ससह (व्हॉल्व्हवरच्या झाकणपेट्यांसह) त्यांत बसतच नाही, आणि सीट इतकी उंच की सरासरी उंचीच्या माणसाचे पाय जमिनीला पुरत नाहीत. हंगाम तोंडावर असताना उत्पादन अडून राहिले. हा प्रकार एडवर्ड टर्नर यांच्या १९३७ च्या आराखड्याच्या पोटी जन्मलेला म्हणता येणार नाही. तो निव्वळ हलगर्जीपणा होता.

ट्रायम्फची मालक असलेली बीएसए बुडाली, १९७३ मध्ये उरलेल्या कंपन्यांची मोट बांधून नॉर्टन व्हिलियर्स ट्रायम्फ झाली, मेरिडन बंद करण्याचे ठरताच कामगारांनी त्याच वर्षी कारखान्याला ठिय्या दिला आणि १९७५ मध्ये त्यांची सहकारी संस्था उभी राहिली. साखर कारखान्यांच्या मुलखातल्या आपल्या वाचकांना ही कथा परकी वाटू नये. १९८३ मध्ये तीही संपली.

प्रतिसाद : मेरिडनकर

हिशेबी यांचे म्हणणे मी बरेचसे मान्य करतो. १९७१ च्या चौकटीचे समर्थन मी तर सोडाच, मेरिडनच्या जुन्या कामगारांपैकीही कोणी करताना मला आढळलेले नाही.

तरीही हिशेबाच्या वहीत व्हेलोसेटचे एक पान असू द्यावे. बर्मिंगहॅमच्या हॉल ग्रीन भागातली ही गुडमन कुटुंबाची लहान कंपनी होती. हलगर्जीपणाचा आरोप तिच्यावर कोणी करू शकणार नाही. पायाने एकेक गिअर टाकता येण्याची जी सोय आज जगातल्या बहुतेक मोटारसायकलींवर आहे, ती १९२० च्या दशकाच्या अखेरीस व्हेलोसेटच्या हॅरल्ड विलिस यांनी रूढ केली. मार्च १९६१ मध्ये फ्रान्समधल्या माँलेरीच्या धावपट्टीवर त्यांच्या ५०० सीसीच्या व्हेनमने २४ तास सरासरी ताशी १००.०५ मैल वेग राखला. एक सिलिंडर, पुशरॉडचे इंजिन, आणि चोवीस तास!

आणि तिच्या खोडी? व्हेनमची किक अशा गिअरची असते की जोराने हाणून काहीच होत नाही. पिस्टन वरच्या टोकापलीकडे हळूच नेऊन, मग दांडीवर उभे राहून सावकाश वजन सोडायचे. तगडी माणसे घामाघूम होऊन बाजूला होतात आणि साठीची शिडशिडीत व्यक्ती येऊन एका किकेत चालू करते, हे दृश्य मी येथील मेळाव्यांत दोनदा पाहिले आहे. क्लच जुळवायचा तर स्प्रॉकेटच्या भोकातून एक खिळा आत घालून मागचे चाक हाताने फिरवावे लागते. पुस्तकात दिलेली ही अधिकृत रीत आहे.

याच कंपनीने १९४८ मध्ये एलई नावाची अगदी उलट्या स्वभावाची गाडी काढली: पाण्याने थंड होणारे इंजिन, साखळीऐवजी शाफ्ट, आणि आवाज जवळजवळ नाहीच. अपेक्षेइतके गिऱ्हाईक फिरकले नाही. फिरकले ते पोलीस. गस्तीवरच्या शिपायाने वरिष्ठाला सलाम करायचा तर हँडल सोडावे लागे, म्हणून मान डोलावली तरी चालेल असे ठरले, आणि त्यावरून गाडीचे नाव ‘नॉडी बाइक’ पडले. लोकांना न गळणारी, न थरथरणारी, मुकाट गाडी देऊन पाहिली होती, आणि लोकांनी ती अपेक्षेइतकी घेतली नाही. १९७१ मध्ये व्हेलोसेट बंद झाली.

प्रतिसाद : उत्तर_लंडन

मेरिडनकर, गळतीवर पुष्कळ झाले. चौकटीवर कोणीच बोलत नाही, म्हणून लिहिते.

उत्तर आयर्लंडच्या मॅककँडलेस बंधूंनी बनवलेली नवी चौकट नॉर्टनने १९५० मध्ये शर्यतीत उतरवली. हॅरल्ड डॅनियल या शर्यतपटूने ती चालवून पाहिली आणि पिसांच्या गादीवर बसल्यासारखे वाटते असे उद्गार काढले. तेव्हापासून तिचे नाव फेदरबेड. वळणावर तिच्या तोडीचे त्या वेळी काही नव्हते. इंजिनात मात्र ट्रायम्फ सरस, स्वस्त आणि वेगासाठी फुलवायला सोपे. तरुण मुलांनी साधा हिशेब केला आणि नॉर्टनच्या चौकटीत ट्रायम्फचे इंजिन बसवले. तीच ट्रायटन. कोणत्याही कंपनीच्या यादीत नसलेली ही गाडी कदाचित साऱ्यांत ब्रिटिश म्हणावी अशी आहे.

त्या चौकटी सुट्या कुठून मिळत, हेही गमतीचे आहे. ५०० सीसीच्या लहान रेसिंग मोटारी चालवणाऱ्यांना नॉर्टनच्या मँक्स या शर्यतीच्या मोटारसायकलीचे इंजिन हवे असे, पण नॉर्टन ते वेगळे विकायला तयार नसे. मग ते अख्खी मोटारसायकल घेत, इंजिन काढून मोटारीत घालत आणि उरलेला सांगाडा विकून टाकत.

या साऱ्याचा अड्डा म्हणजे आमच्याकडच्या नॉर्थ सर्क्युलर रस्त्यावरचा एस कॅफे. १९३८ मध्ये सुरू झाला, १९४० मध्ये बाँब पडला, १९४९ मध्ये पुन्हा बांधला, १९६९ मध्ये बंद पडला आणि २००१ मध्ये परत उघडला. मराठी मंडळाच्या एका सहलीहून परतताना आम्ही साडी नेसलेल्या चौघीजणी तिथे चहाला थांबलो होतो. चामड्याचे जाकीट घातलेल्या एका आजोबांनी आम्हाला खुर्च्या ओढून दिल्या आणि आपल्या ट्रायटनखाली पसरलेला पुठ्ठा दाखवून ‘ही माझी भेट देणाऱ्यांची वही’ असे सांगितले. पुठ्ठ्यावर तेलाचे निरनिराळ्या वयांचे डाग होते.

प्रतिसाद : दोन_ठोके

एक लहानशी पुरवणी. सगळ्याच ब्रिटिश इंजिनांचे पिस्टन जोडीने धावत नसत. स्टीव्हनेजच्या व्हिन्सेंट कंपनीत फिल आयर्विंग या ऑस्ट्रेलियन अभियंत्याच्या टेबलावर एक सिलिंडरच्या इंजिनाचे दोन पारदर्शक आराखडे एकावर एक तिरके पडले होते, त्यातून त्यांना व्ही आकाराचे १००० सीसीचे इंजिन दिसले, अशी कथा आहे. तेच पुढे कंपनीच्या ब्लॅक शॅडो या गाडीपर्यंत पोहोचले. १३ सप्टेंबर १९४८ रोजी रॉली फ्री नावाच्या गृहस्थांनी अमेरिकेतल्या बॉनविलच्या मिठागरावर, हवेचा अडथळा कमी व्हावा म्हणून केवळ पोहण्याची चड्डी घालून आणि गाडीवर पालथे पडून, व्हिन्सेंट ताशी १५०.३१३ मैल वेगाने नेली. या उदाहरणाचे अनुकरण कोणीही, विशेषतः मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर, करू नये.

प्रतिसाद : चाकणचा_रहिवासी

मी चाकण औद्योगिक वसाहतीत नोकरीला आहे, मोटारसायकलींच्या कारखान्यात नाही. परंतु रोज सकाळी ज्या रस्त्याने जातो, त्याच परिसरात २०२३ पासून बजाजच्या कारखान्यात ट्रायम्फच्या ४०० सीसीच्या गाड्या बनतात. नॉर्टन २०२० मध्ये टीव्हीएसने घेतली, बीएसएचे नाव २०१६ मध्ये महिंद्राच्या क्लासिक लेजेंड्सकडे आले, आणि रॉयल एनफील्ड तर १९५५ पासून मद्रासची. म्हणजे मेरिडनकर ज्या गावांत नुसत्या पाट्या वाचतात, त्यांतली निम्मी नावे आता आपल्याकडे नांदत आहेत.

माझ्या मेहुण्याने त्यांतली स्पीड ४०० घेतली आहे. इंजिन पाण्याने थंड होते, तरी सिलिंडरवर हवेने थंड होणाऱ्या इंजिनासारख्या पापुद्र्यांच्या कडा काढलेल्या आहेत. सहा महिन्यांत खाली थेंब नाही, आरसा स्वच्छ, बटण दाबले की चालू. मेहुणा खूश आहे. लेखातल्या कसोटीवर घासायची तर खोड गेली. मोहिनी राहिली का, हे त्याला विचारले, तेव्हा ‘हप्ते चालू आहेत तोवर मोहिनी आहे’ असे उत्तर मिळाले.

प्रतिसाद : नवखा_बुलेटवाला

मामांची १९८० च्या दशकातली ३५० सीसीची बुलेट नुकतीच माझ्याकडे आली आहे. गिअर उजवीकडे, ब्रेक डावीकडे, पहिला गिअर वर आणि बाकीचे खाली, इतपत सवय झाली. परंतु किक उलट मारते आणि नडगी काळीनिळी झाली आहे. वेण्णाकाठ यांच्या काकांची हकीकत वाचल्यापासून धीर होत नाही. कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद : वेण्णाकाठ

आपली बुलेट म्हणजे इंग्लंडातल्या रेडिचच्या रॉयल एनफील्ड कारखान्याची लेक, माहेर १९७० पूर्वीच संपले आणि सासरी मात्र जुन्या रीती पाळल्या गेल्या. १९७७ पासून तर ती भारतातून उलटी विलायतेला विकायला जाऊ लागली. तिला चालू करण्याची रीत हेडलाइटवरच्या अ‍ॅमीटरमध्ये दडलेली आहे.

चावी फिरवा आणि किक हाताने दाबावी इतक्या सावकाश पायाने दाबत जा. पॉइंट (ठिणगीसाठी उघडमीट करणारे संपर्क) मिटलेले असताना काटा उणे बाजूला झुकतो, पॉइंट उघडले की मध्यावर येतो. किक जड लागली आणि त्याच वेळी काटा मध्यावर आला, म्हणजे पिस्टन योग्य फेरीत वरच्या टोकाशी आहे. आता डिकंप्रेसर (सिलिंडरमधला दाब सोडणारा लीव्हर) दाबून किक अगदी थोडी, दोन बोटे, पुढे न्या. डिकंप्रेसर सोडा. किक वर येऊ द्या. मग अ‍ॅक्सिलरेटरला हात न लावता एक पूर्ण, सरळ किक. पिस्टन टोकापलीकडे गेलेला असल्याने त्याला उलटे ढकलायला जागाच उरत नाही.

एवढे करूनही उलटली, तर पॉइंटच्या मागची आपोआप पुढे सरकणारी वजने गंजून अडकली आहेत का ते पाहावे. तोवर पायात चप्पल घालून किक मारू नये.

प्रतिसाद : नवखा_बुलेटवाला

सांगितल्याप्रमाणे केले, परंतु अ‍ॅमीटरचा काटा हलतच नाही.

प्रतिसाद : पाना_पक्कड

बॅटरी उतरलेली असेल किंवा अ‍ॅमीटरच्या मागची तार सुटलेली असेल. हेडलाइटची रिंग काढून आधी तार पाहा. बॅटरी काढावी लागलीच तर कोणती तार अंगाला आहे त्याचा फोटो काढून ठेवा. मेरिडनकरांचा धूर आठवत असेलच.

प्रतिसाद : नवखा_बुलेटवाला

तार सुटलेली होती. बसवली. काटा हलला. काल संध्याकाळी चौथ्या किकेला गाडी चालू झाली, उलटली नाही, आणि वाड्यातली सगळी मुले गोळा झाली. बंद करण्यासाठी डिकंप्रेसर वापरावा की चावी, याबद्दल मामा आणि वडील यांचे एकमत नाही, म्हणून तेही विचारून घेतो.

प्रतिसाद : वेण्णाकाठ

चावीने बंद करावी. आणि रात्री खाली पुठ्ठा ठेवावा.